एरंडेलाचा शेक

बायकोला यातलं अर्धं ठाऊक आहे. उरलेलं आजवर मी कोणाच्याच कानावर घातलेलं नाही — तुमच्याच घालतोय.

शहाद्यात आमचं तेलाचं दुकान. वडील राजस्थानातून आले, तेव्हापासून एरंडेल म्हटलं की लोक आमच्याकडेच. पित्ताशयात खडा असेल तर कोमट तेलात फडकं भिजवून उजव्या बरगडीखाली ठेवायचं, खडा विरघळतो — वडील सांगायचे, मीही सांगत आलो. शेकानं कळ थांबते, हे खरं. म्हणूनच तर विश्वास बसतो. माझाही होता — मला स्वतःला खडा होईपर्यंत.

मी इमानेइतबारे तेल लावलं. मग एकदा अशी कळ आली की बायकोनं मला घेऊन सरळ सुरत गाठली. तिथले डॉक्टर म्हणाले, शेकानं बरं वाटेल, पण त्यानं खडा जातो याला काही पुरावा नाही. पित्ताशयच काढलं. दुकानात काय सांगितलं? शेठ लग्नाला गेलेत. आणि पुढे कोणी विचारलंच तर — खडा? तेलानंच गेला की! पोटावर बारीक व्रण, वर सदरा. कोण बघणार होतं?

मग म्हसावदची मंगलाबाई आली. जुनं गिऱ्हाईक. तिला डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं, आणि तिला भीती. गल्ल्यापाशी उभं राहून तिनं एवढंच विचारलं, "शेठ, तुमना खडा तेलघाईच ग्या ना?"

दुकानात गिऱ्हाइकं ऐकत होती. वडिलांचा फोटो वर. मी — हो म्हणालो.

ती ऑपरेशनला गेलीच नाही. पित्ताशय आतल्या आत सडलं. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. तेराव्याला गेलो तर तिचा नवरा भिका सगळ्यांदेखत म्हणाला, "शेठना तेलघाई तिले आराम पडे." मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं.

तेव्हापासून अंघोळीला सदरा काढताना मी पोटाकडे बघत नाही. हाताला मात्र ते व्रण लागतातच. लाज वाटते मला — रोज.

गेल्या आठवड्यात भिका दुकानात आला, उजव्या बरगडीखाली हात ठेवून म्हणाला, "पोरनं बी तठेच दुखी ऱ्हायनं, शेठ. तेल द्या."

खरं बोलायला याहून चांगली वेळ कुठली? मी म्हणालो, एरंडेल संपलंय. भरलेला डबा माझ्या पाठीशीच होता. भिकानं रिकामी बाटली पिशवीत ठेवली आणि शेजारच्या किराणा दुकानाची पायरी चढला. मी बघत राहिलो.