कुणाच्या फोनवर, बे?

व्यंकटेश फोन गालाला लावून बसायचा. खेळ थोडा वेळ चालवून फोन किती तापला, ते तो गालानं जोखायचा. सोलापुरात दुपारी भिंतसुद्धा तापलेली असते, म्हणून आधी भिंतीला गाल, मग फोनला. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस येडाच आहे.

पूर्व भागात, टॉवेलच्या गोदामावर आमचं चार जणांचं ऑफिस. पैसा पुण्याच्या एका कंपनीचा. मी कामगार चळवळीत पत्रकं लिहिणारा, इथं खेळातली वाक्यं लिहायला लागलो होतो. व्यंकटेश मुख्य प्रोग्रामर. त्याचे वडील यंत्रमागावर झिजून गेले, अम्मा विड्या वळायची. खेळही मागाचाच: आडवा धागा नेणारा धोटा सोडायचा, तुटला धागा जोडायचा, नक्षी पुरी करायची. प्रत्येक नवी आवृत्ती तो आधी आपल्या गल्लीत न्यायचा. विड्या वळणाऱ्या बाया मांडीवरचं तंबाखूचं सूप बाजूला सारून आपल्या जुन्या फोनांवर खेळायच्या आणि त्याला झापायच्या. "आरं, धागा असा तुटतोय व्हय? तुज्या बापानं बघितलं तर हसंल की!" मग व्यंकटेश धागा पुन्हा तोडायला बसायचा. खेळ असा घडला. त्या बायांचं नाव मात्र त्यात कुठंच नाही.

मग वाद निघाला. खेळाला पडद्यावर चित्र काढायचं, तर फोनच्या चिपशी बोलायला एक इंटरफेस लागतो. आमचा जुना होता, ओपनजीएल. कंपनीला नवा हवा होता, वल्कन. व्यंकटेशनं मला समजावलं, "जुन्यात मधी मुकादम असतोय. आपन काम सांगायचं, तो करून घेतो. हळू, पन निभवतो. नव्यात मुकादम न्हाय, परत्येक कामगाराला आपनच सांगायचं."

"मुकादम गेला तर बरंच की," मी म्हणालो.

"तुज्या पत्रकात घालव बे. गल्लीतल्या फोनांत नवी भाषा कळनारा कामगारच न्हाय, खेळ उघडनारच न्हाय."

पुण्याहून साहेब आले. नव्या इंटरफेसवर चित्र झरझर सरकतं, सावल्या पडतात, पाणी चमकतं, बॅटरी कमी जाते, असं त्यांनी दाखवलं. व्यंकटेशनं सगळं ऐकलं आणि कुठल्याही वादात विचारायचा तोच प्रश्न विचारला, "कुनाच्या फोनवर?"

"जे पैसे खर्च करतात, त्यांच्या."

"मग दोन्ही ठेवू. जुन्या फोनला जुनं, नव्याला नवं."

"दोन्ही सांभाळायला माणसं कोण देणार? नवं घ्या, नाहीतर ऑफिस बंद करू."

मी म्हणालो, काम थांबवू, पुण्यात कंपनीच्या दारावर बसू. तो म्हणाला, "बाकीच्या दोघांच्या घरी चूल हाय की न्हाय, बे? घोषनेवर भाकरी भाजत न्हाय." आणि बदल त्यानंच केला. दुसऱ्या कुणाला जमणारा नव्हताच. आपल्या आईच्या फोनाला दाराबाहेर काढायचं काम त्यानं स्वतःच्या हातानं, एकही चूक न ठेवता केलं. याहून हलकट शिक्षा मी बघितलेली नाही, आणि कंपनीच्या भाषेत तिला सुधारणा म्हणतात.

खेळ बाजारात आला त्या दिवशी मी त्याच्या घरी होतो. अम्मानं फोन पुढं केला. "व्यंकट, खेळ उघडंना की रे."

"अम्मा, फोन जुना झालाय."

"जुना कशानं? रोज ह्यावरच बोलतोस की माझ्याशी."

तो उठून बाहेर गेला. त्यानंतर खेळाचं नाव त्यानं घरात काढलं नाही.

पावसाळ्यात त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत संपला. कंपनीनं मारलं, असं मी लिहू शकलो असतो. खोटं ठरलं असतं. त्याचे वडीलही शेवटी अशाच कळेनं गेले होते. पण शेवटचे महिने त्याचे कसे गेले, ते मी बघितलंय, आणि ते मी गिळणार नाही.

दहाव्यानंतर साहेब घरी आले. नवा कोरा फोन अम्मासमोर ठेवला. खेळ सुरू करूनच आणला होता. "मावशी, व्यंकटेशची आठवण म्हणून." गल्लीतल्या बाया दारात उभ्या होत्या. पडद्यावर पाणी चमकत होतं. अम्मानं तंबाखूनं काळवंडलेलं बोट लावलं. माग हलला, धागा तुटला, अगदी खरा तुटतो तसा. तिनं तो जोडला. मग फोन उलटा करून साहेबांकडं सरकवला आणि दारातल्या बायांकडं हात केला.

"ह्यांनी शिकवलं त्येला. ह्यांचे फोन कुटं हायत?"

साहेब चहा न घेताच उठले.