मोहाच्या दारूनं धुतलेला पाय

कामठ्याच्या बिसरामला मी ओळखत होतो, असं म्हणवत नाही. गोंदियाच्या दवाखान्यात आमच्या खाटा शेजारी होत्या, एवढंच. माझ्या पाठीला गळू झालं होतं. त्याला मुलंबाळं किती, हेही मी कधी विचारलं नाही. लिहायची मला सवय नाही, पण त्याचा पाय आठवतो.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. धानाच्या बांधीत चिखलणी करताना बैल उधळले, बिसराम पडला आणि जड लाकडी फळी त्याच्या नडगीवरून गेली. हाड कातडी फाडून बाहेर आलं. बायको रुख्मानं त्याला बैलगाडीत घालून आणलं. डॉक्टरांनी काडीला कापूस गुंडाळून तो जखमेत फिरवला आणि नळीत बंद करून रेल्वेनं नागपूरला पाठवला. तिथं जंतू वाढवून बघणार होते. जखम स्वच्छच दिसत होती, म्हणून ती वरवर धुऊन पाय बांधला.

वॉर्डात कुणीतरी बोललं, वाईट जंतू निघाला की पाय कापतात. तेव्हापासून रुख्मा दाराकडे बघत बसायची.

"एका पायानं चिखलात कोन उभा राह्यते, भाऊ?" बिसराम मला विचारायचा. मी कूस बदलायचो.

नागपूरचा कागद आला. काहीच वाढलं नव्हतं. रुख्मानं खाटोखाट गूळ वाटला. त्याच संध्याकाळी बिसरामला हुडहुडी भरली, पट्टीला वास येऊ लागला. डॉक्टर म्हणाले, जखम पुन्हा उघडावी लागेल.

"काऊन उकलता साहेब? कागदात तं काई नाई म्हणते."

"कागद त्या दिवशीचा आहे. ताप आजचा आहे."

"आज उकलाल, उद्या कापाल." तो ऐकेना.

रुख्मा खाली बघत हळूच म्हणाली, "साहेब, इथं यायच्या आधी मी पाय धुतला. मातीचा पाय तुमच्या दारात कसा आणू? अन् वरून मोहाची ओतली."

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "म्हणजे कापसाला दारूच लागली, म्हणून जंतू वाढले नाहीत. माती आत राहिली असेल."

"अख्खी शिशी ओतली," बिसराम म्हणाला. "मले थेंब नाई देल्ला."

कुणी हसलं नाही. मग त्यानंच जखम उघडायला मान डोलावली.

आतून काळा चिखल निघाला आणि धानाच्या तणसाच्या काडीचा कुजका तुकडा. जखम उघडीच ठेवून रोज धुऊ लागले. ताप उतरेपर्यंत मी त्याचा श्वास ऐकत पडून असायचो. मध्येच तो थांबल्यासारखा वाटायचा. पाय राहिला, जरा आखूड झाला.

घरी जायच्या दिवशी तो काठी टेकत दारापर्यंत आला. पायऱ्या नुकत्याच धुतल्या होत्या. मी त्याच्या मागोमाग गेलो.

"पायरी ओली आहे, बिसरामभाऊ."

"दिसून राह्यली, भाऊ."