ह्यांचे मित्र, बिल्डरचे वकील

दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते.

कळंब्याला फ्लॅट घेतेय. कागद दाखवायला आज ह्यांच्या वकील मित्राकडे गेले होते. हे गेले तेव्हा खांदा द्यायला तेच पुढं होते, त्यामुळं दुसऱ्या कुणा वकिलाचा विचारही केला नव्हता.

फाईल न उघडताच ते म्हणाले, "सगळं क्लिअर हाय, वहिनी. उद्या इसार देऊन टाका."

मी फी विचारली, तर हसले. "तुमच्याकडनं फी घेऊ व्हय? बिल्डर देतोय की. त्याची सगळी कामं माझ्याकडंच असत्यात."

"मग माझ्या बाजूनं कोण बघणार, भाऊजी?"

"मीच की! घरचा माणूस हाय मी."

हे असते तर त्यांना काहीतरी बोलायला सुचलं असतं. मी नुसती फाईल उचलली आणि "येते" म्हणाले. चहा तसाच राहिला. भाऊजींचा चेहरा उतरला, तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

उद्या एका अनोळखी वकीलबाईंकडे जाणार आहे. ते बरोबरच आहे, हे कळतंय मला. पण पुढच्या महिन्यात ह्यांचं वर्षश्राद्ध आहे. भाऊजींना बोलवायला कोणत्या तोंडानं जाऊ, सांगा.