चार नंबरच्या रॅकबद्दल मी काय सांगितलं

"परत म्हण," ट्रेनर म्हणाले.

मी परत म्हटलं, "सायेब, चार नंबरच्या रॅकचा पाय वाकरा झालाय."

"वाकरा नाही. वाकडा. ड म्हण."

पूर्णा गावातलं गोडाऊन. तीसेक माणसं खुर्च्यांवर बसलेली. कंपनीत एकमेकांशी कसं बोलावं, हे शिकवायला ट्रेनर मुंबईहून आले होते. फळ्यावर लिहिलं होतं, 'मोकळेपणाने बोला.' कुणाला काही सांगायचंय का, हे त्यांनीच विचारलं. म्हणून मी उभी राहिले. मी तिथं चेकर होते, आलेला माल तपासून घ्यायचे. फोर्कलिफ्टचा धक्का लागून त्या लोखंडी रॅकचा पाय वाकला होता आणि वर पेट्या चढतच होत्या.

जोर लावून म्हटलं. पुन्हा वाकराच आलं. आमच्या घरच्या बोलीत ड चा र होतो.

सगळे हसले. मॅनेजर सगळ्यात मोठ्यानं. माझा भाऊ तिथंच फोर्कलिफ्ट चालवायचा. तो मागच्या रांगेत मान खाली घालून बसला.

मॅनेजर म्हणाले, "आधी बोलायला शीक, मग रिपोर्ट दे. आणि रिपोर्ट मेलवर द्यायचा."

मेल मी कुठून करणार? ऑफिसातल्या कॉम्प्युटरला आम्हाला हात लावू देत नव्हते.

रॅकचं कुणी विचारलंच नाही. ट्रेनरनी फळ्यावर पुढचा मुद्दा लिहिला. स्पष्ट उच्चार.

बाहेर आल्यावर रामसूरतनं गाठलं. पन्नाशीचा हमाल, जौनपूरकडचा. त्याला मराठी फारसं कळायचं नाही.

"दीदी, सब हँस क्यों रहे थे?"

"कुछ नहीं," मी म्हटलं.

एवढंच. त्याला सांगायला हवं होतं, त्या रॅकखाली जाऊ नको. पण तोंड उघडायचीच लाज वाटत होती. नंतरचे तीन दिवस मी बोटानं दाखवून काम केलं. हे मला लपवायचं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी रॅक कोसळला. रामसूरत खाली होता. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

दोन दिवसांनी मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच खुर्ची दिली. समोर टाईप केलेला कागद. 'रॅकबाबत कोणत्याही कामगाराने पूर्वसूचना दिली नव्हती.' खाली माझं नाव, सहीला जागा.

"उद्यापर्यंत सही कर. भाऊ पण इथंच आहे ना तुझा?"

घरी बापूस ओटीवर बसला होता. ते गोडाऊन आमच्याच शेतावर उभं होतं. जमीन देताना दोघांना नोकरी असं ठरलेलं.

"कर सही, पोरी," तो म्हणाला. "आता आपल्याला शेती पन न्हाय. जाशील कुठं?"

भाऊ ताटावरून उठून गेला. जेवला नाही. मला त्याचाही राग आला नाही. तिघंही एकाच खुंट्याला बांधलेलो.

दुसऱ्या दिवशी कागद पुढं ओढला. सहीच्या जागी लिहिलं, 'मी सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं. सगळे हसले होते.' आणि त्याखाली सही केली.

मॅनेजरनी कागद फाडला. मी घरी जाऊन तेच वहीच्या पानावर लिहिलं आणि हॉस्पिटलात रामसूरतच्या बायकोच्या हातात दिलं. त्याला म्हटलं, "चाचा, मुझे मालूम था. मैंने तुमको नहीं बताया." त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. बरोबर केलं त्यानं.

त्या पानावरून सरकारी चौकशी झाली. चौकशीला आलेल्या साहेबांसमोर मी माझ्या घरच्या बोलीतच सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पुढं काय झालं ते मला कुणी कळवलं नाही. माझी आणि भावाची, दोघांची नोकरी गेली. भाऊ वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

आता जवळच्याच काल्हेर गावात दुसऱ्या गोडाऊनमध्ये आहे. तशीच पत्र्याची शेड, तशीच केबिन. हे गेलं तर तिसरं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पहिल्याच दिवशी सुपरवायझरला सांगितलं, काय दिसलं ते मी सांगणार. कळलं नाही तर परत विचारायचं.

हसायचं नाही.