नलूताईकडे लाईट जात नसे

कोवळं ऊन माडांच्या शेंड्यांवरून खाली उतरायच्या आत नलूताई गच्चीवर चढलेली असे. पदर कमरेला खोचलेला, डोक्याला गेलेल्या नवऱ्याचा जुना पांढरा रुमाल बांधलेला, हातात लांब दांड्याचा पोछा आणि पायाशी पाण्याची बादली. समुद्रावरून येणारा खारा वारा तिच्या सोलरच्या प्लेटांवर रात्रभरात पांढुरका थर बसवून जाई. तो ती पुसत बसे, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा, कडेकडेने, न दुखवता. पुसता पुसता खाली मला ऐकू येईल अशा आवाजात बोलायची. बोलणं असायचं घरात भिंतीला लावलेल्या बॅटरीविषयी. "काल ढग होतं ना, अर्धपोटी झोपली गं ती. आज पोटभर जेवू घालते तिला." नलूताई आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या बाळांची वजनं केलेली बाई, तिला ती बॅटरीही हाताखालचं पोरच वाटायची. ढगाळ दिवसात मिक्सर मागायला गेलं तर म्हणायची, "आज नको, आज ती उपाशी हाय."

मी खाली अंगण झाडत असायचे आणि मान वर न करता सगळं पाहत असायचे. खोटं कशाला बोलू, मला ते दृश्य सहन व्हायचं नाही.

आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीला लागून. इथे लाईट जाणं ही बातमी नव्हे. माडाची झावळी तारेवर पडली, गेली. वारा सुटला, गेली. काहीच झालं नाही, तरी गेली. त्यामुळे आमच्या बौद्धवाडीत एक रीतच पडली होती. पंखा पुरता थांबायच्या आत कुंपणापाशी जाऊन ओरडायचं, "नलूताई, तुझी गेली का?" पलीकडून उत्तर यायचं, "गेली गं बाई. तुझी?" "माझीपण." एवढं झालं की दोघींना बरं वाटायचं. एकटीचीच गेली असेल तर मीटर बघा, फ्यूज बघा, वायरमनच्या विनवण्या करा. सगळ्यांची गेली म्हणजे आपलं काही चुकलेलं नाही. मग ती तिच्या पायरीवर बसायची, मी माझ्या, आणि लाईट येईपर्यंत गप्पा चालायच्या. आमची अर्धी मैत्री त्या लाईट गेलेल्या वेळांत झाली असेल.

मग तिच्या पनवेलच्या मुलाने तिच्या गच्चीवर प्लेटा बसवल्या. भिंतीला पांढरा डबा लावला. त्यानंतर पहिल्यांदा लाईट गेली तेव्हा मी सवयीने ओरडले, "नलूताई, तुझी गेली का?" ती हात पुसत बाहेर आली. तिच्या मागे घरात पंखा गरगर फिरत होता. आणि ती म्हणाली, "कळलंच नाय गं मला."

हे वाक्य पुढे मी इतक्या वेळा ऐकलं की तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा झाला तर आधी तेच ऐकू येतं. कळलंच नाय गं मला. बढाई मारली असती तरी चाललं असतं, मी दोन शब्द सुनावले असते. पण ती अगदी साधेपणाने सांगायची, आणि घाम पुसत उभी असलेली मी तिच्याकडे बघत राहायचे. पुढे मी ओरडायचं सोडून दिलं. कुंपणापलीकडे आमचं काही सारखं उरलंच नव्हतं.

माझ्या अंगणातला एक माड दुपारनंतर तिच्या गच्चीवर सावली टाकायचा. नलूताईने एकदा अजिजीने विचारलं, "शोभा, त्याच्या खालच्या झावळ्या उतरवून घेऊ का? पाडेकऱ्याला मी बोलावते." मी म्हटलं, "फळावर आलाय गं. आत्ता हात नको लावायला." माड बारा महिने फळावर असतो, हे तिलाही ठाऊक होतं. त्या सावलीचं मला बरंच समाधान होतं.

इथवर सगळं चाललं असतं. शेजारणीच्या पंख्यावर जळून कुणी मरत नाही. पण मध्ये माझी आई होती.

आईला दमा. दिवसातून काही वेळा वाफेचं मशीन लावावं लागे, आणि उकाड्यात पंखा नसला की तिचा जीव घुसमटायचा. मी घरी शिवणकाम करते. लाईट गेली की मशीनची मोटर बंद, मग मी पायाने चालवायचे आणि मध्ये मध्ये उठून आईला पुठ्ठ्याने वारा घालायचे. एका दुपारी तिची धाप ऐकून नलूताई स्वतःच आली. म्हणाली, "काकींना माझ्याकडे घेऊन जाते. वाफ तिथे देऊ." नर्सबाईच ती. आईच्या बगलेत हात घालून, चार पावलं चालवून, थांबवून, पुन्हा चालवून तिने आईला घरी नेलं. मी वाफेचं मशीन हातात धरून मागून गेले.

त्या दिवसापासून लाईट गेली की आई नलूताईकडे. आणि आई तिथून परत यायची ती तिथलं कौतुक करत. "तिच्याकडं पंखा कसा एकसारखा फिरतो गं. आवाज न्हाय, काय न्हाय." "नलूनं आज कांद्याची भजी दिली." "नलूचा हात लई हलका हाय, वाफ घेताना पाठ चोळते." मी तीच पाठ वर्षानुवर्षं चोळत आले होते. माझा हात हलका की जड, हे आईने मला कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी मी ठरवलं, आपणही प्लेटा बसवायच्या. आईने लाईटसाठी दुसऱ्याच्या दारात जाणं बंद म्हणजे बंद. अलिबागच्या एका दुकानातून माणूस आला, छत बघून गेला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "मॅडम, बॅटरी पाहिजे का?"

आता आमच्याकडे बॅटरी म्हणजे काय, ते इथल्या कुणालाही विचारा. रात्री परसात जाताना हातात धरतो ती बॅटरी. मला वाटलं, मिक्सरवर डबा फुकट देतात तशी हा सोलरवर बॅटरी देतोय. मी तोऱ्यात म्हटलं, "नको हो, चांगल्या दोन आहेत घरात." तो म्हणाला, "मग ऑन ग्रिड करून टाकतो." त्यात 'ऑन' होतं म्हणून मला ते चांगलंच वाटलं. नलूताईच्या भिंतीवरच्या डब्यालाही बॅटरी म्हणतात हे मला माहीत होतं, रोज सकाळी ऐकत होते. पण फोनवर ते डोक्यात आलं नाही, त्याला मी काय करू?

प्लेटा बसल्या. नलूताईच्या होत्या त्याहून जास्त. मी वाडीत पेढे वाटले, तिच्याकडे जरा मोठा पुडा दिला. तिने पेढा तोंडात टाकला, माझ्या भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "बॅटरी कुठं लावली गं?" मी म्हटलं, "आमच्यात लागत नाही. नवीन प्रकार आहे." तिने दुसरा पेढा घेतला आणि विषय बदलला.

मग एका रखरखीत दुपारी, डोक्यावर सूर्य तापलेला, आकाशात ढगाचा ठिपका नाही, आणि माझा पंखा थांबला. मी बटणं दाबली. मीटर बघितला. बाहेर येऊन प्लेटांकडे पाहिलं, त्या उन्हात चमकत होत्या. कोपऱ्यावरच्या खांबावर आमचा वायरमन चढला होता. मी त्याला खालूनच झापलं, "अरे, सोलर असून माझी कशी गेली?"

त्याने वरूनच विचारलं, "बॅटरी हाय का?"

"दोन आहेत!"

तो खांबाला धरून हसायला लागला. मग समजावून सांगितलं. माझ्या प्लेटांची वीज तारेतून यायची आणि जायची. तार बंद पडली की प्लेटाही आपोआप बंद. "नायतर तुमची वीज उलटी खांबावर यील आणि मी फांदीसारखा खाली पडीन, ताई. साठवायला बॅटरी लागते, भिंतीवरची." एवढं सांगून तो पुन्हा हसला. मला त्या क्षणी तो पडला असता तरी फार वाईट वाटलं नसतं.

मी वळले तर नलूताई कुंपणापाशी उभी. सगळं ऐकलेलं. माझ्या बॅटऱ्यांची गोष्ट वाडीभर करायची असती तर ती तिला जन्मभर पुरली असती, पण तिने ती कधीही कुणाला सांगितली नाही. वायरमनने सांगितली, तो भाग वेगळा. ती फक्त म्हणाली, "काकींना पाठव. आज ती पोटभर जेवलीय." ती हसली असती तर मला सोपं गेलं असतं.

तर आई पुन्हा तिच्याकडे जाऊ लागली, आणि आता जास्त वेळ राहू लागली. लाईट आली की मी मशीन सोडून तिला आणायला जायचे. नलूताई दारातच यायची, ओठांवर बोट ठेवून. "आत्ताच डोळा लागलाय. उन्हं उतरली की मी आणून सोडते." मी उंबऱ्याशी उभी राहून आत बघायचा प्रयत्न करायचे. पडदा ओढलेला असायचा, पंख्याचा वारा मात्र माझ्या तोंडावर यायचा. मी परत फिरायचे. आईला स्वतःचं घर नको झालंय, असं मनात यायचं, आणि रागाने शिवण उसवून पुन्हा घालावी लागायची. माझ्याकडे ती अशी दुपारी कधीच झोपली नव्हती. माझ्याकडे ती खोकायची, कुरकुरायची, चहा गार झाला म्हणायची. झोपायची तिच्याकडे.

गेल्या थंडीत आई गेली. माझ्या घरात, माझ्या मांडीवर. लाईट होती, पंखा फिरत होता, वाफेचं मशीनही चालू होतं, कशाचा उपयोग झाला नाही. पहिली धावत आली ती नलूताई. तिने नाडी पाहिली, डोळे मिटवले, आईला आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं. विहारातली माणसं येऊन वंदना म्हणू लागली तेव्हा ती माझ्याहून मोठ्याने रडत होती. तेवढ्यातही माझ्या मनात आलं, ही का एवढी रडतेय?

जलदान विधी झाल्यावर थोड्या दिवसांनी तिचा मुलगा तिला पनवेलला न्यायला आला. तिची नजर अधू झाली होती, गच्चीवर चढणं आता जमणार नव्हतं. मुलगा गाडीत सामान भरत होता. तिने मला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि समोर बसून पदराचं टोक पिळत म्हणाली, "शोभा, तुला एक सांगून जाते. काकी माझ्याकडं झोपायच्या नायत."

मला काही कळेना.

"जाग्याच असायच्या. तू दारात यायचीस तेव्हापण. सारख्या विचारायच्या, आमची लाईट आली का गं, मला घरी सोड, शोभी एकटी हाय. मी सांगायची, नाय आली अजून." तिने भिंतीवरच्या डब्याकडे पाहिलं. "त्याच्यावरचा दिवा लाल झाला की गेली, हिरवा झाला की आली. मला सगळं कळायचं. काकींना तुझ्या मशीनचा आवाज यायचा. म्हणायच्या, मशीन चालतंय, म्हंजे आली असंल. मी म्हणायची, पायानं चालवतेय ती."

एवढ्या सगळ्या दुपारी मी उंबऱ्यावरून परत फिरले होते, आणि आत आई जागी होती.

"का?" मी विचारलं.

"घरात रात्रंदिवस लाईट गं. आणि त्या उजेडात बघायचं कुणाला? तुमची गेली की तू काकींना वारा घालायचीस, त्या तुला शिव्या घालायच्या. मी वरून बघायची."

"मग मागायचं होतंस," मी ओरडलेच. "'काकींना दुपारभर बसू दे' म्हणायचं. खोटं कशाला बोलायचं?"

"मागितलं असतं तर काकींना पाठवलं असतंस?"

बाहेर मुलाने हॉर्न वाजवला. मला हो म्हणता आलं असतं. "नाही," मी म्हटलं. "नसती पाठवली."

"मग?" नलूताई म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

मी तिला माफ केलेलं नाही. त्या दुपारी माझ्या होत्या. पण तरी मी तिला फोन करते. सांग, म्हणते, आई आणखी काय बोलायची तिथे? मग ती एखादी दुपार काढून सांगते. आई लहानपणी रेवसच्या धक्क्यावरून कशी पडली होती, माझ्या जन्माच्या वेळी काय खावंसं वाटलं होतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला आईने फक्त चहा गार झाल्याचं सांगितलं. मी आणखी विचारायला लागले की नलूताई म्हणते, "आज एवढंच." माझ्या आईच्या किती दुपारी अजून तिच्याकडे आहेत, ते ती सांगत नाही. मी पुन्हा फोन करते.