‘खळं’ नावाची बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही नंदाला ओळखत नाही, म्हणून असेल.

उल्हासनगरात एका सिंधी काकांचं अत्तराच्या तेलांचं दुकान होतं. तिथे आम्ही दोघी कामाला होतो — मी बदलापूरच्या खरवईची, नंदा अंबरनाथच्या पालेगावची. नवीन माल आला की काका तिलाच हाक मारायचे, "नंदा, इधर आ, सूंघ के बता." माझ्या नाकाला कुणी विचारलं नाही. मनगट मात्र माझंच लागायचं. बाटलीत गोड वाटणारं तेल अंगावर गेल्यावर काय होतं, ते माझ्या कातडीवर लगेच कळायचं. मोगरा माझ्यावर तासाभरात आंबायचा, वाळा संध्याकाळपर्यंत गार राहायचा. नंदा म्हणायची, "तुला लावल्याशिवाय मी कुठल्याच तेलाला चांगलं म्हणणार नाय गो."

पुढे नोकरी सोडून ती घरीच तेलं मिसळायला लागली. छोट्या रोल-ऑनच्या बाटल्या, हाताने लिहिलेली लेबलं. दर रविवारी मी पालेगावला जायचे. तिच्या स्वयंपाकघरात बसून मनगटापासून कोपरापर्यंत थेंब लावायचे — एक लगेच हुंगायचा, एक चहा झाल्यावर, एक घरी जाताना रिक्षात. काय दुपारी होत्या त्या! तसं हसणं पुन्हा कधी झालं नाही. मग मी तसं का वागले?

सांगते.

नंदाला मोठा ताप आला. ताप उतरला, पण तापात गेलेला वास काही परत आला नाही. फोडणी करपली तरी तिला कळेना. मी तिला धीर दिला, तिच्यासोबत रडलेसुद्धा — आणि आत, अगदी आत, मला बरं वाटलं. आता दोघींत नाक एकच होतं, आणि ते माझं होतं.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. "ये. एक बनवलंय."

न हुंगता, नुसत्या आठवणीवर बनवलं होतं. तिच्या वडिलांचं शेत केव्हाच गेलं होतं. भात झोडायचं त्यांचं खळं होतं तिथे बिल्डिंग उभी राहिली होती, आणि वडीलही नव्हते. ते खळंच तिने बाटलीत आणायचा प्रयत्न केला होता. लेबलवर नावही लिहून ठेवलं होतं — ‘खळं’.

मी मनगटावर लावलं. आधी नुसता वाळा. मग कातडी तापत गेली तसा — पेंढा. वरून उन्हाने कडक झालेला, तळाशी अजून दव धरलेला पेंढा. त्यामागे शेणाने सारवलेली जमीन. आणि अगदी शेवटी, कोवळा दुधाळ तांदूळ. मला आमचं खरवईचं जुनं अंगण दिसलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "सांग ना गो. आलं का?"

नाक गेलेल्या बाईला हे जमलं होतं. मला धडधाकट नाक असून जन्मभर जमलं नसतं — हे मला त्या क्षणी सहन झालं नाही.

"नाही गं," मी म्हणाले. "नुसता औषधासारखा वास येतोय. डोकं दुखायला लागलं माझं."

तिने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या कुणालाही विचारलं नाही. उठली आणि बाटली मोरीत ओतली. घरभर पेंढ्याचा वास पसरला — आणि तो घेणारी घरात मी एकटीच होते.

उरलेली तेलं तिने वाटून टाकली आणि एका कारखान्यात पॅकिंगला लागली. ‘खळं’चं प्रमाण तिने कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

परवा तिच्या मुलीच्या लग्नासाठी अत्तर घ्यायला आम्ही दोघी गेलो होतो. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "बरं झालं तेव्हा तू तोंडावर सांगितलंस. नायतर लोकांत हसं झालं असतं माझं."

मी "हं" म्हणाले.

तिच्या घरी पोचल्यावर तिने जेवूनच जा म्हणून मला हाताला धरून आत नेलं. मी गेले. पोटभर जेवले.