मश्रूमचे देठ खाणारे मासे

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगते. मश्रूमचे टाकाऊ देठ वाळवून, दळून मी माशांना घातले, तर गावात इतकं हसणं झालं की किस्से आता पोत्यात मावत नाहीत!

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाच्या शेततळ्यातल्या रोहूंना फोड आले होते. वेल्ह्याच्या मासेपालनाच्या ट्रेनिंगात मॅडम म्हणाल्या, देठांच्या पावडरीनं माशाला ताकद येते. शेजारच्या तळ्याचे मालक म्हणजे माझे चुलतदीर, विलासभावजी. ते म्हणाले, "वहिनी, उकिरडा बी घाला की!" गटात ठरलं, यंदा मासे गेले तर तळं बंद.

*

उत्रोलीचा गिरणीवाला देठ दळेना. "मागनं ज्वारी आली तर भाकरीला वास येईल!"

म्हटलं, "मिरचीच्या मागनं आमचे गहू दळलेस, तवा आमी रडत चपात्या खाल्ल्या. दळ!"

दळले.

*

तळं बघायला मत्स्य खात्याचे साहेब आले. "पावडरीचं प्रमाण काय?"

"किलोभर पेंडीला एक मूठ."

"मूठ म्हणजे किती ग्रॅम?"

मी मूठच वजनकाट्यावर ठेवली. साहेब ओरडले, "बाई, दाबू नका!"

*

सासूबाईंनी एकदा ती पावडर पिठल्यात घातली. मी किंचाळले, "आत्याबाई, ते माशांचं हाय!"

"मग काय झालं? त्यास्नी दात न्हाईत, मला बी न्हाईत."

*

मासे हातभर झाले. अंगावर एक फोड नाही! सकाळी पेंडीचा डबा वाजवला की सगळे काठाला. पण मग ते कमी कमी दिसायला लागले.

भोरची हसीना आमच्या गटाची अध्यक्ष. ती म्हणाली, "मंदाताई, पावडर बाधली."

"मी म्हणलो व्हतो!" विलासभावजी.

मी म्हटलं, "मेलेला मासा पोट वर करून तरंगतो. एक तरी तरंगला? का चालत गेले?"

कुणी ऐकलं नाही. तळं बंद करायची मीटिंग ठरली.

*

मीटिंगच्या सकाळी हसीना आणि मी भावजींच्या तळ्यावरून चाललो होतो. भावजी काठावरच.

"वहिनी, यंदा म्या बी मासे सोडलेत. पण बोटाएवढेच हायेत, दिसायचे न्हाईत."

मला काय वाटलं, हातातला डबा वाजवला.

हातभर रोहू, सगळे काठाला!

हसीनानं तिथंच मीटिंगचं रजिस्टर उघडलं. "मंदाताई, मासे कमी झाल्याचं कारण काय लिहू? पावडर?"

"पावडर नको," म्हटलं. "लिही, विलासभावजी."